अँटेनाला चंदेरी रंग

मला एका शिक्षणसंस्थेच्या सभेला बोलावलं होतं ते एक वाक्य बोलण्यासाठी. ‘यंत्रात काही दोष नाही’ एवढं मी सगळ्यांसमोर म्हणायचं, चहा घ्यायचा आणि संस्थेच्या गाडीने नगरला परत यायचं. अध्यक्षांनी फोनवर हे इतक्या सहज सांगितलं, की जणू तपासणी आधीच होऊन गेली होती. मी म्हटलं, आधी बघते, मग बोलते. ते म्हणाले, बघा की, बघायला कोण नको म्हणतंय. पण बोलायचं काय ते त्यांनी ठरवून टाकलेलं होतं, आणि माझा राग तिथूनच सुरू झाला. इतके महिने झाले तरी तो उतरलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत निवृत्त झाले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, एसटीच्या पाट्याही बदलल्या, पण माझ्या तोंडात नगरच बसलेलं आहे. मला रेडिओचा नाद आहे, म्हणजे ऐकण्याचा नव्हे, बोलण्याचा. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलेली मी हौशी रेडिओवाली. माझ्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांपेक्षा तारा जास्त असतात, आणि शेजारच्या वहिनींना अजून वाटतं की मी केबलचा धंदा करते.

या नादापायी मी एक नेटवर्क ॲनालायझर घेतला. नाव भारदस्त असलं तरी वस्तू तळहातावर मावणारी आहे. पुढे छोटा पडदा, डोक्यावर केबल लावायच्या दोन पितळी जागा. अँटेनाला जोडला की तो अगदी बारीकसा सिग्नल आत सोडतो आणि त्यातला किती परत आला ते पडद्यावर रेघेने दाखवतो. रेघ जिथे खड्ड्यासारखी खाली जाते, तिथे अँटेना सिग्नल नीट घेतो. बाकी ठिकाणी तो आलेला सिग्नल दारातूनच परत पाठवतो. आपलं स्टेशन ज्या फ्रिक्वेन्सीवर आहे तिथे खड्डा पाहिजे, एवढं समजलं की पुरे. मी हे वर्गात वर्षानुवर्षं सांगितलं आणि पोरांना ते पहिल्या तासाला कळायचं. संस्थाचालकांना मात्र कळत नाही, कारण ते ऐकत नाहीत. शिवाय ते यंत्र मोबाईलसारखं दिसतं. मी पडद्यात डोकं घालून उभी राहिले की कुणी ना कुणी येऊन सांगतं, मॅडम, इथं रेंज न्हाई, तिकडं गेटापाशी या.

ते स्टेशन शेवगावच्या पुढे, एका गावातल्या शिक्षणसंस्थेच्या इमारतीत आहे. गावाचं नाव लिहीत नाही, मंडळी माझ्या दारात येऊन बसतील. लहानसं रेडिओ केंद्र, आजूबाजूच्या गावांपुरतं. पिकाची माहिती, घोडेगावच्या बाजारात बैलांना आणि म्हशींना कसा उठाव होता त्याची खबर, भजनं, आणि संध्याकाळी निरोपांचा कार्यक्रम. हा निरोपांचा कार्यक्रम फार चांगला होता. तिकडच्या कोरडवाहू पट्ट्यातली घरंच्या घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मागे म्हातारी माणसं नि शाळेतली पोरं राहतात. फडावरून कुणी फोन करून स्टेशनवर निरोप द्यायचा, आणि तो रेडिओवर वाचून दाखवला जायचा. शेळीला पाला घाल, धाकटीचं नाव शाळेत घातलं का, आमी खुशाल हाय, असले निरोप. म्हाताऱ्यांना मोबाईलचं बटण सापडत नाही, रेडिओचं सापडतं.

तो कार्यक्रम सांभाळणारी निवेदिका त्याच पट्ट्यातली. ऊसतोड करणाऱ्या घरातली मुलगी, कुणाच्या तरी मदतीने बारावी झालेली, लग्न होऊन या गावात आलेली. आदल्या वर्षी चैत्रात तिला माइकवर बसवलं. ती बोलायची तिच्या घरच्यासारखं, हाय आणि न्हाई करत, आणि ऐकणाऱ्यांची भाषाही तीच असल्यामुळे त्यात कुणाला वावगं वाटण्याचं कारण नव्हतं. पण ती आली आणि थोड्याच दिवसांत लांबच्या गावांतून ओरड सुरू झाली, की रेडिओ येत नाही, नुसती खरखर येते. मग संस्थेतल्या मंडळींनी दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या. बाई आली आणि रेडिओ बसला. तिच्या आवाजात दम नाही, तिचे उच्चार गावंढळ आहेत, तिचा आवाज पोचत नाही. कार्यालयातल्या एका गृहस्थांनी तर मला चहा पिता पिता सांगितलं की बाई पांढऱ्या पायाची आहे. आणि बशी पुढे करून बिस्किट घ्या म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण अजून मी काही मोजलेलं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

आणि त्या गृहस्थांकडे पुरावा काय, तर स्टेशनच्या यंत्रावरचा हिरवा दिवा. दिवा लागतोय म्हणजे यंत्र ठीक. दुसरा पुरावा असा की अध्यक्षांच्या घरी रेडिओ अगदी खणखणीत ऐकू येतो. अध्यक्षांचं घर संस्थेच्या भिंतीला लागून आहे. सगळ्या संचालकांची घरं त्याच गल्लीत. या माणसांनी स्वतःच्या ओसरीवर बसून ठरवलं होतं की रेडिओ चांगला चालू आहे, तेव्हा जो काही दोष असेल तो त्या बाईच्या घशात असणार.

ती मला स्टुडिओच्या दारात भेटली. तिशीची असेल. हातात गरम पाण्याचा तांब्या. तिने नमस्कार केला आणि मी दचकले, कारण तिचा आवाज पूर्ण बसलेला होता, पत्र्यावर वाळू ओढावी तसा. मी विचारलं, सर्दी झाली का. ती म्हणाली, न्हाई, हे असंच हाय आता. मग तिने सांगितलं ते असं. पहिल्या महिन्यात तक्रारी आल्या तेव्हा अध्यक्षांनी तिला बोलावून सांगितलं की आवाज मोठा काढ, पोटातून काढ, लांब जायला पाहिजे. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी माइकपुढे ओरडत होती. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारतात, तशी. तक्रारी थांबेनात, तशी ती अजून ओरडायची. घरी हळद-दूध, मिठाच्या गुळण्या, आणि संध्याकाळी पुन्हा ओरडणं. दीड वर्ष.

तिला मी कशाला आलेय हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला वाटलं मी आवाज तपासायला आलेली डॉक्टरीणच आहे. तिने विचारलं, “मॅडम, खरं सांगा, माझा आवाज खरंच पोचत न्हाई का?”

मला वाटलं तिथल्या तिथे जाऊन कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी. रेडिओवर माणसाने ओरडून आवाज लांब जात नाही. ओरडलं की फक्त खराब ऐकू येतं. किती लांब जायचं ते अँटेना ठरवतो. ही इतकी साधी गोष्ट एका शिक्षणसंस्थेत, जिथे विज्ञान शाखा आहे, जिथे भिंतीवर शास्त्रज्ञांचे फोटो लावलेत, तिथे एकालाही त्या बाईला सांगावीशी वाटली नाही. मी तिला म्हटलं, तू आज एक शब्दही मोठ्याने बोलू नकोस, मी बघते.

बघायचं तर स्टेशन थोडा वेळ बंद करायला हवं होतं. ॲनालायझर नाजूक असतो. चालू यंत्राला चुकून जोडला तर क्षणात कायमचा जातो. पण बंद करता येईना, कारण तेव्हा ‘अध्यक्षांचं मनोगत’ लागलेलं होतं. तेच ध्वनिमुद्रण रोज त्या वेळेला लागतं आणि ते मध्येच तोडायची कुणाची टाप नाही. मी स्टुडिओबाहेर बाकावर बसून ते सगळं ऐकलं. त्यात एक भाग होता, ग्रामीण स्त्रीचा आवाज समाजापर्यंत पोचला पाहिजे असा. तो चालू असताना निवेदिका माझ्यासाठी चहा गाळत होती, कारण संचालकांचा चहाही तीच करायची.

मनोगत संपलं, यंत्र बंद झालं, आणि मी कामाला लागले. आधी ॲनालायझरला त्याचं शून्य शिकवायचं असतं. त्यासाठी तीन छोट्या टोप्या येतात, एक उघडी, एक बंद, एक ठरावीक भाराची. केबलच्या टोकाला एकेक लावायची, यंत्राला सांगायचं की हे असं दिसतं. यात मी कधीच घाई करत नाही. नाकावर माशी बसू देत नाही अशी माझी ख्याती या तीन टोप्यांमुळेच आहे. तेवढ्यात एक संचालक येऊन म्हणाले, मॅडम, गेम खेळताय का. मी पुढची टोपी लावली.

मग स्टेशनची केबल जोडली. पडद्यावरची रेघ पाहिली आणि मला हसू यावं की रडू हे कळेना. स्टेशनच्या जागी खड्डा नव्हताच. तिथे रेघ वरच्या वर सपाट. खड्डा होता तो पार दुसरीकडे, ज्या जागेशी या स्टेशनचा काही संबंध नाही. म्हणजे यंत्रातून निघालेली बरीचशी ताकद अँटेनाच्या दारातून परत येत होती, आणि ती परत येताना पाहून यंत्र स्वतःला वाचवायला ताकद कमी करत होतं. उरलीसुरली ताकद गल्लीपुरती. हिरवा दिवा लागलेलाच होता, कारण तो दिवा एवढंच सांगतो की वीज आहे.

मी गच्चीवर गेले. गच्चीवर लोखंडी मनोरा आहे, त्याला चढायच्या पायऱ्या आहेत, आणि वर एकाखाली एक असे दोन अँटेना. दुपारचं ऊन होतं, आणि वर पाहिलं तर डोळे दिपले. सगळं चंदेरी. मनोरा चंदेरी, अँटेनाच्या दांड्या चंदेरी, दांड्यांच्या मधली पांढरी प्लॅस्टिकची अंगं, जी धातू वेगळा ठेवायलाच बसवलेली असतात, तीही चंदेरी. केबलचे सांधेसुद्धा सोडले नव्हते. त्यावर वाळलेल्या झेंडूचा एक हार.

आपल्याकडे यात्रेच्या आधी लोखंडाला रंग देतात. देवळाचं रेलिंग, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, शाळेचं फाटक, झेंड्याचा खांब, जे जे लोखंडी ते सगळं चंदेरी करायचं, ही रीतच आहे, आणि मला ती आवडते. आमच्या माहेरीही यात्रा आली की गाव चकाकायचं. पण अँटेना हे रेलिंग नव्हे. मी पेंटरला बोलवायला सांगितलं. तो दोन आळ्या पलीकडे राहणारा, वयाने माझ्याएवढाच. त्याने वर बघून लगेच सांगितलं की हो, हे माझंच काम, गेल्या वर्षीच्या चैत्रातल्या यात्रेआधीचं. म्हणजे ती निवेदिका आली त्याच आठवड्यातलं.

मी विचारलं, रंग देताना काही सोडवलं होतं का. प्रत्येक अँटेनावर एक बारीक पट्टी असते, दोन दांड्यांना धरून ठेवणारी. ती मागेपुढे सरकवून अँटेना जुळवतात. पट्टीची जागा म्हणजे सगळं. पेंटर म्हणाला, “पट्ट्या खोलल्या हुत्या की. खालून रंग जात नव्हता. दोन्ही वाकड्यातिकड्या हुत्या, एक इकडं, एक तिकडं. मी एका ओळीत बसवल्या, चांगल्या दिसाव्या म्हणून. साहेबांना इचारूनच खोलल्या.”

अतिशय सुबक बसवल्या होत्या, हे मला मान्य केलंच पाहिजे. खालून पाहिलं तर दोन्ही पट्ट्या दोरी लावून आखल्यासारख्या. ज्याने अँटेना बसवला होता त्याने त्या दोन वेगळ्या जागी ठेवल्या होत्या, मोजून, आणि ते वाकडं दिसत होतं म्हणून सरळ केलं गेलं. शिवाय पट्टीच्या खाली रंगाचा जाड थर, म्हणजे धातूला धातू टेकतही नव्हता. पेंटरचा मला राग आला नाही. त्याने विचारलं होतं. ज्यांना विचारलं त्यांनी मान हलवली होती, कारण यात्रेला पाहुणे येणार होते आणि गच्ची चकाकायला हवी होती.

अध्यक्ष धापा टाकत गच्चीवर आले. मी त्यांना पडदा दाखवला, पट्ट्या दाखवल्या, रंग दाखवला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडम, रंग तर बाहेरून आहे, आत करंट वाहतो. मी सांगितलं की या कामात तो बाहेरच्या पृष्ठभागावरूनच वाहतो. ते म्हणाले, असेल, पण आमच्या घरी तर येतं. मी म्हटलं, तुमच्या घरी तर अँटेना काढून ठेवला तरी येईल. यावर ते हसले. मोठ्या माणसाला राग आला की तो हसतो, आणि मला त्या हसण्याचा तिटकारा आहे.

दुपारभर आम्ही काम केलं. पेंटर वर चढला, पॉलिश पेपरने पट्ट्यांखालचा रंग खरवडून काढला, प्लॅस्टिकची अंगं थिनरने पुसली. मी खाली मनोऱ्याच्या पायथ्याशी एकेका अँटेनाची केबल सोडवून ॲनालायझरला लावली आणि पडद्यावर बघत त्याला सांगत राहिले, थोडी बाहेर, अजून, आता हात काढा. हात काढावाच लागतो, कारण माणसाचा हात जवळ असला तरी रेघ हलते. तो हात काढून दांडीपासून लांब होई आणि मी वाचे. खड्डा रांगत रांगत आमच्या जागेकडे येत होता. शेवटी तो तिथे येऊन बसला, खोल, आणि मी बोल्ट आवळायला सांगितला. मग दुसरा अँटेना. दोन्ही जुळल्यावर पट्ट्या पुन्हा वाकड्यातिकड्या झाल्या होत्या, एक इकडे, एक तिकडे. निवेदिका जिन्यात उभी राहून सगळं बघत होती.

आता लांब जाऊन ऐकायला हवं होतं. ती म्हणाली, माझ्या माहेरी जाऊ, तिथं कधीच येत न्हाई. संस्थेची गाडी होती. आम्ही निघालो, ती, मी आणि माझा खिशातला रेडिओ. स्टेशनवर कुणीतरी बोलत राहायला हवं होतं, तर ते काम अध्यक्षांनी आपण होऊन घेतलं. माइक दिसला की त्यांना राहवत नाही.

तिचं माहेर म्हणजे माळावरची दहा-बारा घरं. कापूस वेचून झालेला, बाभळी, आणि बंद दारांची रांग, कारण माणसं तोडीला गेलेली. तिची आई दारात बसली होती, भावाची दोन पोरं मागे अभ्यास करत. आईने मला पाणी दिलं आणि सांगितलं की पोरगी रेडूवर बोलती असं सगळे म्हणतात, पण मी काय अजून आयकली न्हाई, नुसतं खर्रर करतंय. ते सांगताना तिला लाज वाटत होती, जणू तिच्याच कानाचा दोष.

मी रेडिओ लावला. अध्यक्षांचा आवाज आला. इतका स्वच्छ, की त्यांच्या तोंडात सुपारी आहे हेही कळत होतं. ते खुर्चीत रेलून, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, मध्येच कुणाला तरी पंखा लाव म्हणाले, तेही ऐकू आलं. गाडीचा ड्रायव्हर हसला. आईने हात जोडले, तिला वाटलं प्रवचन आहे. मला आनंद झाला होता, तो लपवण्यात अर्थ नाही. मी निवेदिकेकडे बघितलं, आता ही हसेल म्हणून.

ती रेडिओकडे एकटक बघत होती. मग हळू म्हणाली, “हे तर पुटपुटत्यात.”

मी म्हटलं, हो.

“तरी येतंय.”

मी पुन्हा हो म्हटलं.

“म्हंजे मी उगंच वरडले.”

तिने हे माझ्याकडे न बघता म्हटलं, आणि गळ्यावर हात ठेवला. आई विचारत होती, काय झालं, काय झालं. परतीच्या वाटेवर मी बडबडत होते, की आता सगळं ठीक होईल, सभेत मी सांगते, तू काळजी करू नकोस. मी हे मनापासून बोलत होते.

सभा भरली. मी उभी राहिले आणि माझं वाक्य बोलले, फक्त त्यांना हवं होतं त्याच्या उलट. दोष यंत्रात होता, म्हणजे अँटेनात, तो यात्रेच्या रंगामुळे झाला, निवेदिकेच्या आवाजाशी त्याचा सुतराम संबंध नव्हता, आणि दीड वर्ष तिच्यावर खापर फोडलं गेलं त्याबद्दल संस्थेने तिची माफी मागावी. शेवटचं मला कुणी बोलायला सांगितलं नव्हतं. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी माझं कौतुक केलं, शाल आणि नारळ पुढे आणला. मग त्याच दमात म्हणाले की दुसरा विषय, सोमवारपासून नवीन निवेदिका येत आहेत. त्यांच्याच मेव्हण्याची मुलगी, पुण्याला निवेदनाचा अभ्यासक्रम केलेली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, पण आता कारण काय उरलं. तर अध्यक्ष अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, “मॅडम, तुमच्यामुळे आता लांबवर स्वच्छ ऐकू जाणार. मग आवाजही तसा नको का? हिचा आवाज तुम्ही ऐकलाय.”

मी ऐकला होता. तो आवाज कुणी बसवला तेही मला ठाऊक होतं, आणि ते मी त्या सभेत ओरडून सांगितलं, होय, ओरडून, मला तिथे काही मोजायचं नव्हतं. तुम्ही तिला ओरडायला लावलंत, तुम्ही तिचा घसा फाडलात, आणि आता फाटलेला घसा हेच कारण सांगताय. शाल मी टेबलावर ठेवली. समोर संस्थेची सगळी मंडळी बसली होती. त्यांच्यात निवृत्त मुख्याध्यापक होते, एक व्यापारी होते, महिला प्रतिनिधी म्हणून एक ताई होत्या. त्या ताईंनी माझ्याकडे बघून डोळे खाली घातले. पांढऱ्या पायाची म्हणणारे गृहस्थ भिंतीवरच्या शास्त्रज्ञांच्या फोटोंकडे बघत होते.

निवेदिका दारात उभी होती. कपांचा ट्रे तिने तसाच खिडकीत ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाली, “साहेब, एक दीस हळू बोलून बघू द्या. एकच दीस. माझ्या आईनं अजून आयकलं न्हाई.” अध्यक्ष म्हणाले, बघू, आणि तिसरा विषय घेतला.

तो दिवस तिला मिळाला नाही. तोवर निरोपांचा कार्यक्रम बंद ठेवला आणि सोमवारी नवी मुलगी बसली. तिचा यात काही दोष नाही, ती बरी बोलते. महिन्याभराने अध्यक्षांचा मला फोन आला. आनंदात होते. पार टोकाच्या वस्त्यांवरून फोन येतात म्हणाले, सगळे विचारतात ही कोण. शेवटी म्हणाले, मॅडम, आम्ही म्हणतच होतो, आवाजात दम लागतो. मी त्यांना सांगितलं की तो दम दोन पट्ट्यांचा आहे. ते हसले आणि यात्रेचं आमंत्रण दिलं. मी फोन ठेवला. माझ्या हातांनी जुळवलेला अँटेना रोज संध्याकाळी त्यांचं खोटं माळरानावर पोचवत होता, स्वच्छ आणि लांबवर, आणि मला त्यात करता येण्यासारखं काही नव्हतं.

परवा शेवगावला काम होतं, तिथून तिच्या माहेरी गेले. ती तिथेच होती. डॉक्टरांनी तिला बोलणं पूर्ण बंद ठेवायला सांगितलं आहे, घशात गाठी आल्यात. मला बघून ती उठली, पाणी आणून दिलं, आणि मानेनेच बसा म्हणून खुणावलं. तिच्याऐवजी आई बोलत होती. फडावरच्या लेकाचं, पोरांच्या शाळेचं. कोनाड्यात रेडिओ होता. संध्याकाळ होत आलेली, निरोपांची वेळ. मी सहज विचारलं, आता येतो ना नीट.

आई म्हणाली, “व्हय, आता लई झकास येतोय म्हनत्यात. पन आमी लावत न्हाई.”